धोट्याच्या टोकाचा गळ

कोंडूचा उजवा हात कारखाना बंद झाल्यावरही थांबला नाही. लूम भंगारात गेले, शेडचे पत्रे उतरले, मालकानं त्या जागेवर गोडाऊनचे खांब उभे केले. पण कोंडू घराच्या ओट्यावर बसला की हात मांडीवर ठेका धरी. ठक, ठक, ठक, ठक. ना हळू, ना जलद. झोपेतही तसंच. त्याची बायको द्रौपदी आधी त्या हातावर आपला हात ठेवून झोपायची. मग तिनं अंथरूण भिंतीकडे सरकवलं.

भिवंडीत तो लूमवर मुकादम होता. बिघडलेला लूम चालू करणं हे त्याचं काम. शेडभर लूम एकदम चालत असताना कान फार वर्षं टिकत नाहीत, कोंडूचे तिशीतच गेले. तेव्हापासून तो चालत्या लूमच्या लोखंडावर उजवा तळवा टेकवायचा आणि कुठं काय ढिलं झालंय ते तळव्यानं ऐकायचा. कारीगर म्हणायचे, "मुकादम का हाथ नहीं है, डॉक्टर की नली है." कोंडूला हे ओठांवरून कळायचं आणि तो हसायचा. वर्षानुवर्षं दिवसाची शिफ्ट, रात्रीची शिफ्ट, तळवा लोखंडावर. लोखंडानं त्या हातात काय भरलं, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. त्यानंही नाही.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात त्याच्या मुलाला, नरेंद्रला, मुलगी झाली. नाव ठेवलं धम्मदिना. नरेंद्र मानकोलीला एका गोडाऊनमध्ये ड्युटी करी, सकाळी जाई तो अंधार पडल्यावर येई. पोर दिवसभर घरात. कोंडूही दिवसभर घरात. पोरीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा त्यानं उजवा तळवा तिच्या डोक्याखाली ठेवला. थोडा वेळ सगळं बरं होतं. मग ते एवढंसं डोकं हलायला लागलं. ठक, ठक. पोर दचकली, हात पसरले, तोंड लाल करून रडायला लागली. कोंडूला रडणं ऐकू आलं नाही, फक्त तोंड दिसलं. सुनेनं येऊन तिला उचललं.

सून काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर कोंडूनं हात पुढे केले की पोर नुकतीच प्यालेली असे, नाहीतर नुकतीच न्हालेली, नाहीतर आता झोपणारच असे. दवाखान्यातून गोळ्या आणल्या. गोळ्यांनी कोंडू झोपला, हात जागा राहिला.

कोंडूला एवढंच हवं होतं, की हात थांबावा. पोर मांडीवर घेता यावी. दुसरं काही हवं असण्याचे दिवस संपले होते.

गावाच्या वरच्या अंगाला, वडप्याच्या रस्त्यापासून आत, दगडाची एक जुनी खाण आहे. दगड संपला तसं तिच्यात पाणी भरलं आणि तिचं तळं झालं. गावच्या विहिरीवर कोंडूच्या माणसांना पाणी भरू देत नव्हते, त्या काळात त्याच्या आईनं याच खाणीतून हंडे वाहिले. आता ते पाणी कुणीच पीत नाही. काठ सरळ तुटलेले आहेत आणि काठाला लागूनच पाणी खोल आहे. तिथं एका सपाट दगडावर पंढरी बसलेला असे.

पंढरी आगरी, जमीनवाला. वडप्याची त्याची भातखाचरं गोडाऊनखाली गेली तेव्हा त्याच्या मुलानं, मनोजनं, दोन मजली घर बांधलं, त्याला गुळगुळीत फरशी घातली. त्या फरशीवर पंढरीचा पाय सटके. घरात कुणाला त्याची गरज उरली नव्हती, म्हणून तो तळ्यावर येई. काठी नाही, गळाला गांडूळ नाही. नुसती हातातली तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, तिच्या टोकाला शिशाचा गोळा आणि गोळ्याला जोडलेला गळ. ते खाली सोडायचं आणि हातानं नाचवायचं. शिसं म्हणजे खाणं नव्हे, पण नीट नाचवलं तर माशाला ते मरायला टेकलेलं पिल्लू वाटतं.

"कं रं कोंडू," पंढरी त्या दिवशी म्हणाला. "तुझा हात काय म्हनतो?"

"बोलतोय आपला."

"कुनाशी?"

"माझ्याशी तं न्हाय, पाटील."

पंढरीला हसू आलं. कोंडूनं हात पुढे धरून दाखवला. पंढरीनं तो बघितला आणि हसू आवरलं. मग आपल्या हातातली तंगूस त्या हातात दिली. कोंडूला ओठ नीट वाचता यावेत म्हणून तोंड मोठं करून म्हणाला, "पान्याला दे. पानी सगल्याला नरम करतं."

शिसं खाली गेलं. तळाला टेकलं ते कोंडूला बोटात लख्ख कळलं, एखादा खिळा फळीवर पडावा तसं.

"लागला तळ?"

"लागला."

"आता हातभर उचल. आन् सोड."

कोंडूनं उचललं, सोडलं. उचललं, सोडलं. पंढरी थोडा वेळ बघत राहिला, मग मांडीवर थाप मारून खिदळला.

"आरं, मासे धरतोस का लुगडी विनतोस?"

"तूच म्हनला, उचल, सोड."

"मी म्हनलो सोड. तू सोडत न्हायस, तू खाली आनतोस. हातानं धरून आनतोस, पोरीला सासरी घालवल्यासारखा. खालच्या म्हातारीला वाटंल, हितंबी कारखाना आला."

म्हातारी म्हणजे मरळ. तळ्यात एक जुनी मोठी मरळ होती. मरळीला वर येऊन हवा घ्यावी लागते, म्हणून ती दिसे. पाण्याचा एक गोल फुगे, मध्ये काळं डोकं, आणि पुन्हा काही नाही. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं पाणी नाल्यातून खाणीत यायला लागल्यापासून बाकीचे मासे गेले होते, ही राहिली होती. पंढरीनं तिला दोनदा गळाला लावून दोनदा सोडलं होतं. त्याच्या घरात कुणी या तळ्यातले मासे खात नसे. मनोजची बायको पापलेट आणवी.

"मग धरतोस कशाला?" कोंडूनं विचारलं.

"इचारपूस करायला," पंढरी म्हणाला.

नाचवण्यातली खरी गोष्ट उचलण्यात नाही, हे कोंडूला कळायला महिना गेला. उचलणं कुणालाही येतं. मासा घेतो ते गळ पडत असताना, आणि पडणं हाताच्या मालकीचं नसतं. उचलायचं आणि मग हातानं मध्ये पडायचं नाही. तंगूस फार ताणली तर गळ लोंबतो, फार ढिली सोडली तर माशानं तोंडात घेतलेलं कळत नाही. बोटावरून ती नुसती वाहत जायला हवी. गळ तळाला टेकला की थांबायचं. किती, ते ठरलेलं नसतं. पंढरी म्हणे, मरायला टेकलेला मासा ठेक्यात मरत न्हाय. जरा वळवळतो, पडतो, पडून राहतो, पुन्हा जरा.

आणि कोंडूच्या हाताला ठेक्याशिवाय काही येत नव्हतं. तो थांबायचं ठरवी आणि हात त्याच्या आधीच उचलून मोकळा होई. पंढरी समोर बसून हातवारे करी. बोट वर, मग तळवा एकदम सैल, मग मूठ. मूठ म्हणजे थांब. पंढरीची मूठ मिटलेली असायची आणि कोंडूचा हात चाललेला असायचा.

शिसं त्याला हलकं वाटे. घरी लूमचा एक जुना धोटा होता, शेवटच्या दिवशी खिशातून आणलेला. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारी लाकडी होडीच, तिच्या दोन्ही टोकांना पोलादाची टोपणं असतात. त्यातलं एक टोपण कोंडूनं उपटलं, भोक पाडलं, गळ बसवला, गळाच्या मुळाशी लाल सुताचा झुपका बांधला. ते शिशासारखं धपकन पडत नसे, डुलत पडे. पंढरीनं ते तळहातावर घेऊन उलटंसुलटं केलं.

"ह्यो तिकडं धावून धावून दमला असंल," तो म्हणाला. "हितं पडूं दे त्याला."

घरी कोंडू तुळईवरून तंगूस टाकून खाली पाण्याची बादली ठेवी आणि सराव करी. द्रौपदी भाजी निवडत बघे.

"बादलीत मासा लागला तं मनाबी बोलवा."

"तुला न्हाय बोलवनार. तुझ्या तोंडाला भिऊन पलंल."

"मी भिंतीकडं झोपते म्हनून तोंड सुटलंय."

तो हसला, पण बादलीत टोपण त्याच ठेक्यात वर-खाली होत राहिलं, आणि द्रौपदीनं मान खाली घातली.

उपाय त्यालाच सापडला, आणि तो सांगण्यासारखा नव्हता. गळ तळाला टेकला की तो शेडमधला एक माणूस आठवे. सगळा, कपाळापासून पायापर्यंत. चेहरा पुरा दिसला की मगच उचले. राजय्या लगेच दिसे, पान खाल्लेले दात घेऊन. जुम्मनला वेळ लागे, त्याचे डोळे आधी येत आणि बाकीचा मागून. धाग्याच्या कांड्या भरणारी एक बाई होती, तिचा चेहरा येतच नसे, नुसता लाल चुडा. तिची वाट बघता बघता गळ तळाला पडून राही आणि हात गप्प असे. कुणी गावाला गेले होते, कुणी सुरतेला, कुणी मेले होते. लूम सगळ्यांना एका ठेक्यात चालवत होता. आठवायला गेलं तर प्रत्येकाला वेगळा वेळ लागत होता.

उन्हाळा गेला, पावसात खाण तांबड्या पाण्यानं भरली. मरळ वर येऊन गोल फुगवी आणि जाई. कोंडूच्या गळाला एकदाही लागली नाही. पण पंढरीची थट्टा कमी झाली. एक दिवस तो मूठ न मिटताच बसून राहिला, कारण कोंडू आपणहून थांबला होता.

"आता सोडतोस," तो म्हणाला. एवढंच.

श्रावणात एका पहाटे द्रौपदीला जाग आली. काहीतरी नव्हतं. थोड्या वेळानं तिला कळलं, की ठेका नव्हता. तिनं नवऱ्याला हलवलं, हाताकडे बोट केलं. "आवो. बघा." हात गोधडीवर पडला होता, पालथा, मोकळा. कोंडू उठून बसला आणि दिवा लावून त्याच्याकडे बघत राहिला, परक्याच्या घरात आल्यासारखा. द्रौपदीनं त्या दिवशी अंथरूण जागेवर आणलं.

पोर त्यानं मागितली नाही. ओट्यावर बसला, हात मांडीवर उलटा ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. सून दारातून दोनदा बघून गेली. तिसऱ्यांदा आली ती पोरीला घेऊन, आणि तिनं ती त्याच्या मांडीवर ठेवली. धम्मदिना आता बसायला शिकली होती. तिनं आजोबाचं बोट धरून तोंडात घातलं. सूनच ओरडली, "आबा, सोडवा, दात आलेत तिला! चावते ती!"

कोंडूनं ओठ वाचले, बोटाकडे बघितलं. त्यावर दोन बारीक खुणा होत्या, चांगल्याच खोल. तो हसला. "चावूं दे. लूमवाल्याची कातडी हाय."

सगळे हसले. द्रौपदी चहा घेऊन आली, पदरात धरून आणलेला पेला तिनं खाली ठेवला. कोंडूनं तो उजव्या हातानं उचलला आणि धरून बसला. "हात भाजत न्हाय का?" ती म्हणाली, पण तो पोरीकडे बघत होता आणि त्यानं ओठ वाचले नाहीत. ती दीडेक महिन्यांची सुखाची वेळ होती. पोर रोज मांडीवर. कोंडू रोज दुपारी तळ्यावरही जाई. आता हाताला शिकवायचं काही नव्हतं, पण पंढरीला तोंडावर नाही म्हणणं जमलं नसतं, आणि खरं म्हणजे त्याला मरळ हवी होती. एकदा. आपल्या हातानं कळलेली.

दसऱ्यानंतरच्या तापत्या दुपारी पंढरी दगडावर आधीच येऊन बसला होता. तळ्याच्या पलीकडच्या अंगाला एक डंपर मागे मागे येत होता.

"मनोज भरनार हाय ही," पंढरी म्हणाला. "गाड्या उभ्या करायला जागा पायजे म्हनतो."

"तू काय म्हनला?"

"माझा अंगठा घेतलाय की. आता म्हननं कसलं?"

डंपरनं मुरूम ओतला. पाणी हललं, लाट इकडच्या काठाला येऊन दगडाला लागली. थोड्या वेळानं काठापासून चार हातांवर पाण्याचा गोल फुगला, काळं डोकं आलं, गेलं. पलीकडच्या गढूळातून म्हातारी इकडे आली होती.

पंढरीनं बोटानं जागा दाखवली. कोंडूनं धोट्याचं टोपण तिथंच सोडलं. तंगूस त्यानं एका जुन्या लाकडी बॉबिनला गुंडाळलेली असे, बॉबिन शेजारी दगडावर. उचललं. सोडलं. पंढरी त्याच्या हाताकडे बघत होता. इतकं चांगलं त्यालाही कधी जमलं नव्हतं. हात उठला ते दिसलं, सुटला ते दिसलंच नाही. टोपण आपल्या वजनानं, आपल्या मर्जीनं खाली गेलं. कोंडू थांबला. डोळे पाण्यापलीकडे लागलेले. तो त्या चुडेवाल्या बाईची वाट बघत असावा.

पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं. टोपण तळाला पोचायच्या आधीच तंगूस सैल पडली.

पंढरीला ते दिसलं. मरळ घेते ती अशीच, पडताना, अलगद, खालून हातावर झेलल्यासारखी. आता एका श्वासात झटका द्यायचा. त्यानं कोंडूकडे बघितलं. कोंडू थांबला होता.

तंगूस सरकायला लागली. आधी हळू, मग काठाकाठानं तिरकी, कोंडूच्या बोटावरून. "वढ!" पंढरी ओरडला. "कोंडू, वढ, वढ!" बहिऱ्या माणसाला ओरडून काय होणार! पंढरी उठायला गेला, गुडघे उठेनात. बॉबिन दगडावर गरगर फिरायला लागली, उडाली, आपटली. तंगूस कोंडूच्या बोटाच्या खाचेतून धावत होती आणि कोंडू शांत बसला होता, चेहरा पुरा दिसायची वाट बघत.

बॉबिन उडून त्याच्या पायाला लागली तेव्हा त्यानं खाली बघितलं. तंगूस संपली होती. टोक बॉबिनवरून सुटून पाण्यात गेलं. त्याच्या पहिल्या बोटाला हाडापर्यंत चीर पडली होती आणि रक्त मनगटावरून कोपराकडे निघालं होतं. कोंडूनं ते बघितलं. मग दगडाकडे बघितलं, जणू रक्त तिथून आलं असावं. मग पंढरीकडे.

"लागलीवती?"

पंढरीनं मान डोलावली.

"कवा?"

 पंढरीची मूठ मिटलेली होती, ती त्यानं उघडली.

कोंडूनं डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून चिमटली. अंगठ्यापासून सुरुवात केली. "ह्याला कलत न्हाय," तो म्हणाला. "ह्याला न्हाय. ह्याला बी न्हाय." करंगळीशी थांबला, नख रुतवलं, पुन्हा रुतवलं. "हिला जरा कलतं."

"दवाखान्यात जा," पंढरी म्हणाला.

"काय सांगू तिथं? हात थांबलाय म्हनून?"

पंढरीनं डोक्याचा रुमाल सोडून त्याच्या बोटाला गुंडाळला. आवळला. किती आवळायचा ते त्याला कळेना, कारण कोंडूच्या तोंडावर काहीच उमटत नव्हतं. पलीकडे दुसरा डंपर मागे येऊ लागला होता. पाण्यात कुठंतरी धोट्याचं ते टोपण होतं, मरळीच्या ओठात, मागं लांबलचक तंगूस घेऊन. ती वर आली नाही, निदान ते बसले होते तोवर नाही.

कोंडू घरी आला तेव्हा सून आत भाकऱ्या थापत होती. धम्मदिना ओट्यावर रांगत होती. आजोबाला बघून ती भराभर आली, त्याच्या मांडीला धरून उभी राहिली, आणि रुमाल नसलेलं एक बोट तिनं मुठीत धरलं. कोंडूनं बघितलं म्हणून त्याला कळलं. तो मुठीकडे बघत राहिला. तिची बोटं पांढरी होईतो आवळलेली होती. त्यानं डोळे मिटले. आता तिथं कुणी नव्हतं. डोळे उघडले, ती होती.

"द्रौपदी," त्यानं हाक मारली. ऐकू न येणारी माणसं मारतात तशी, फार मोठ्यानं. "घे हिला."

द्रौपदी बाहेर आली. "का? राहूं दे की. तुमच्याजवल गप ऱ्हाते."

"घे म्हनतो ना. हाताला मासळीचा वास हाय."

द्रौपदीनं वाकून त्याचा हात हातात घेतला, नाकाशी नेला. रुमालाच्या तांबड्या डागाकडे तिनं बघितलं, मग त्याच्याकडे. मासळीचा वास नव्हता. ती काही विचारणार होती, पण त्यानं मान वळवली होती आणि ओठ वाचायचे नसले की तो नेहमी असंच करी.

तिनं पोर उचलली. पोरीनं बोट सोडलं नाही, तिच्या मुठीबरोबर हात थोडा वर आला, मग मूठ सुटली आणि हात परत मांडीवर पडला. आतून सून म्हणाली, "आई, असूं द्या ना आबांजवळ. आता हलत नाही त्यांचा हात!"